चौथा गडी आदल्या रात्रीच ठरवा

प्रश्न : आम्ही आठ जण फोंड्यात मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी दोन तासांसाठी टेनिसचं एक कोर्ट घेतो. ग्रुपवर विचारलं की निम्मे जण 'बघूया' म्हणतात. मग कधी तिघेच येतात, कधी सात. सात आले की तिघे बाकावर बसून राहतात आणि कुरबूर सुरू होते. पैशांचाही घोळ होतो. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमच्याकडे गडी भरपूर आहेत, त्यांचा आकडा उशिरा कळतो ही खरी अडचण. प्रत्येक जण चारपैकी तीन वेळा येतो असं धरून हिशेब मांडा. ग्रुपमध्ये चारच जण असले तर चौघेही हजर असण्याची शक्यता १०० पैकी ३२. सहा जण असले तर किमान चौघे जमण्याची शक्यता ८३ होते, सात असले तर ९३. आठांमध्ये ती ९७ वर जाते, पण सहा किंवा जास्त जण येण्याची शक्यताही ६८ असते. म्हणजे आठ जणांना एक कोर्ट असेल तर दर वेळी नावं आधी ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

महिनाभरासाठी एकाने जबाबदारी घ्यावी, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. आदल्या दिवशी दुपारी ग्रुपवर विचारणा टाकायची आणि पर्याय दोनच ठेवायचे : येतो, येत नाही. 'बघूया'ला जागा दिली की सगळे तिथेच जाऊन बसतात. रात्री ९ ला यादी बंद. पाच नावं पक्की, बाकीची प्रतीक्षा यादीत. 'आधी सांगेल त्याला जागा' हा नियम मात्र टाळा, त्यात सतत फोनवर असणाऱ्यांचंच फावतं. मागच्या खेपेला ज्यांचं नाव मागे राहिलं, त्यांना या खेपेला पहिला मान द्या. यादी बंद झाल्यावर कोणाला अडचण आली तर प्रतीक्षा यादीतून बदली गडी त्यानेच शोधायचा. नाही मिळाला तर त्याचा वाटा त्याच्याच खिशातून.

पाच का? ऐनवेळी एक जण गळाला तरी डबल्स होते, आणि पाचही आले तरी एका वेळी एकच जण बसतो. पाच जणांना १ ते ५ क्रमांक द्या आणि असे पाच डाव लावा :
१ बाहेर : २-५ विरुद्ध ३-४
२ बाहेर : १-३ विरुद्ध ४-५
३ बाहेर : १-५ विरुद्ध २-४
४ बाहेर : १-२ विरुद्ध ३-५
५ बाहेर : १-४ विरुद्ध २-३

यात प्रत्येक जण बाकीच्या चौघांचा एकेकदा जोडीदार होतो आणि प्रत्येकाविरुद्ध दोनदा खेळतो. एका डावात चार गेम, म्हणजे प्रत्येकाची सर्व्हिस एकदा. २-२ झाले तर डावाचा निकाल लावायला सात गुणांचा टायब्रेक. ड्यूसला (४०-४० झाल्यावर) अ‍ॅडव्हान्टेज न खेळता एकाच गुणावर गेम संपवा. त्या गुणाची सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची ते रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. साधारण वीस मिनिटांत डाव आटोपतो. सुरुवातीला दहा मिनिटं हात मोकळे करायला धरली तरी दोन तासांत पाचही डाव बसतात. 'जिंकेल तो कोर्टवर राहील' ही पद्धत नको. तीत कच्चा खेळाडू जास्त वेळ बसतो आणि दोन-तीन आठवड्यांत येणंच सोडतो.

तिघेच आले तर परत जाऊ नका. एकटा एकीकडे, दोघे दुसरीकडे. एकट्याने दोघांच्या पूर्ण डबल्स कोर्टात मारायचं, दोघांनी त्याच्या सिंगल्सच्या रेषांच्या आत. दर गेमनंतर जागा फिरवा.

कोर्टाचे पैसे हजेरीवर वाटू नका. कमी जण आले की प्रत्येकाचा वाटा वाढतो आणि आलेल्यांनाच भुर्दंड पडतो. महिन्याची सारखी वर्गणी आधी गोळा करा, बॉलचा खर्च तिच्यातूनच. चवथीचा आठवडा आणि नाताळ ते नवं वर्ष या दिवसांचं बुकिंगच करू नका, तेव्हा चौघे जमणं कठीण. आणि दिवे नसलेलं कोर्ट असेल तर वेळ ऋतूप्रमाणे बदला : गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या पुढे.

प्रश्न : आमच्यात एक जण फार चांगला खेळतो, दोघे नवशिके आहेत. सामने एकतर्फी होतात, शिवाय 'आऊट'वरून वाद होतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सर्वांत बळकट आणि सर्वांत कच्चा यांची एक जोडी, मधल्या दोघांची दुसरी. तरीही फरक राहिला तर बळकट खेळाडूला एकच सर्व्हिस द्या. दुसरी संधी नसली की तो जपून मारतो आणि समोरच्याला चेंडू परतवता येतो. नवशिक्यांना हे फार मोलाचं आहे. लागोपाठ चार-पाच फटके झाले तरच त्यांना खेळात गोडी लागते.

वादाचा नियम स्पष्ट आहे : ज्याच्या बाजूला चेंडू पडला, त्यानेच निर्णय द्यायचा. रेषेला जरा जरी टेकला तरी तो आत. खात्रीने बाहेर दिसला नसेल तर आतच धरायचा, आणि जोडीदारांपैकी एक 'आत' व दुसरा 'बाहेर' म्हणाला तरीही आतच. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगावा. तरी घोळ झाला तर दोघांना मान्य असलेले गुण मोजा आणि तिथून पुढे खेळा.

प्रश्न : पावसाळ्यात सिमेंटचं कोर्ट केव्हा खेळायला सुरक्षित असतं? आणि बॉल इतक्या लवकर का बसतात?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : रबरी वायपरने पाणी काढा आणि बुटाचा तळवा रेषांवर घासून पाहा. रंगवलेल्या रेषा बाकी कोर्टापेक्षा आधी घसरतात. झाडाखालच्या कडेला शेवाळ धरतं. नायलॉनच्या ब्रशने घासून काढा, तारेचा ब्रश लावला तर रंगाचा थर सुटतो. बूट रेषेवर घसरला तर त्या दिवशी खेळू नका. घोटा मुरगळला की निम्मा मोसम जातो.

बॉलमधली हवा डबा उघडल्यापासूनच हळूहळू कमी होते, खेळा वा न खेळा. दमट हवेत लोकर ओलावा धरते, बॉल जड होतो आणि मनगटावर ताण येतो. डोक्याच्या उंचीवरून जुना आणि नवा बॉल एकदम सोडून पाहा. नवा निम्म्याहून थोडा जास्त उसळतो. जुना निम्म्यापर्यंतही पोचला नाही तर तो सरावापुरता ठेवा. भिजलेले बॉल डब्यात कोंडू नका, पंख्याखाली सुकवा. दर खेपेला तीन बॉल पुरतात. नवा डबा सामन्यांना, मागच्या खेपेचे बॉल पहिल्या दहा मिनिटांना.