पासबुकावरचा कोड परदेशात चालेना

प्रश्न : मुलगा जर्मनीहून पैसे पाठवतो आहे. पासबुकावरचा आयएफएससी कोड तिकडची बँक घेत नाही. आमच्या शाखेला स्विफ्ट कोड नाही म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : आयएफएससी फक्त देशातल्या देशात चालतो. परदेशातून पैसे यायला स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड, लागतो. गोंधळ होतो, कारण स्विफ्टसारखीच आयएफएससीतही ११ अक्षरे-आकडे असतात. पण त्यात पाचव्या जागी शून्य असते. स्विफ्ट कोडमध्ये पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची (भारतासाठी 'आयएन'), नंतरची दोन ठिकाणाची. शेवटची तीन शाखेची, ती नसली तरी आठांवर भागते.

तालुक्याच्या शाखेला स्वतःचा कोड बहुधा नसतोच. "परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या शाखेचा स्विफ्ट कोड लेखी द्या," असे मॅनेजरना सांगा. मुलाला तो कोड, पूर्ण खाते क्रमांक, पासबुकात आहे तस्सेच नाव आणि तुमच्या शाखेचा आयएफएससी कळवा. नावात फरक पडला की पैसे अडकतात. आयबॅन (युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागितला, तर भारतात तो नसतो.

पैसे पाठवण्याच्या खर्चासाठी मुलाने 'अवर' (OUR) पर्याय निवडला तर शुल्क पाठवणाऱ्याकडे; नाहीतर मधली बँक वाटेतच कापून घेते. रक्कम आठवडाभरात जमा झाली नाही, तर मुलाकडून यूईटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा माग काढण्याचा क्रमांक) मागवून शाखेत द्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर शोध लागत नाही.