चाळिशीत नोकरीचा कंटाळा आला म्हणजे माणूस निराशावादी झाला का?

प्रश्न : ताई, मी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करतात तिथं, सुपरवायझर आहे, वय ४२, लग्नाच्या आधीपासून एकच कंपनी. पूर्वी कामाला जायला हुरूप असायचा, आता सकाळी गाडी काढतानाच जीवावर येतं. नवीन आलेली आयटीआयची पोरं खुश, रिटायरमेंटला टेकलेले आमचे काका पण खुश, मधे मीच एकटा तोंड पाडून. बायको म्हणते तुम्ही पहिल्यापासूनच असे, काहीही सांगितलं की आधी काय बिघडणार तेच बोलता. मित्र म्हणतात, "कशाला टेन्शन घेऊलास, पॉझिटिव्ह राहा गा." माझा स्वभावच निराशावादी आहे का? आणि आता या वयात तो बदलणार का?
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : भाऊ, तुम्ही वय आणि स्वभाव एकत्र कालवलंय आणि सगळा दोष स्वभावावर टाकलाय, म्हणून आधी वयाचं बघू. १९९६ साली अँड्र्यू क्लार्क, अँड्र्यू ऑस्वाल्ड आणि पीटर वॉर या तिघा संशोधकांनी ब्रिटनमधल्या पाच हजारांवर नोकरदारांची माहिती तपासली. नोकरीतलं समाधान इंग्रजी यू अक्षरासारखं निघालं, सुरवातीला बरं, मधे खाली आणि वय वाढलं तसं परत वर. मधेच का खाली जातं यावर हॅनेस श्वांड्ट यांचा २०१६ चा अभ्यास मला फार पटतो. जर्मनीत लोकांना वर्षानुवर्षं विचारत गेले की पाच वर्षांनी तुम्ही एकूण आयुष्यात किती समाधानी असाल, आणि मग पाच वर्षांनी खरंच काय झालं ते ताडून बघितलं. तरुणांनी जास्त धरलेलं असायचं आणि हाती कमी यायचं, म्हाताऱ्यांनी कमी धरलेलं आणि निघायचं बरं. मधल्या माणसाला दोन्हीकडून बसतं, जुनं धरलेलं झालं नाही याचं दुःख असतं आणि पुढचीही आशा तोवर उतरलेली असते. म्हणजे पंचविशीत तुम्ही चाळिशीपर्यंत काय काय होईल म्हणून धरलं होतं, तो हिशोब आता तुमच्यासमोर आलाय, एवढंच.

आणि त्या काकांशी स्वतःला पूर्ण जोडून बघू नका. त्यांच्या बरोबरीचे जे वैतागले ते कधीच सोडून गेले असतील, कोणी गोव्याला, कोणी पुण्याला, कोणी गावाकडे शेतीला. मागे राहिले ते ज्यांचं जमलं तेच, म्हणून म्हातारे सगळे खुश दिसतात.

आता स्वभाव. आधी काय बिघडेल ते बघणारा माणूस निराशावादी असतोच असं नाही. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये अशा लोकांवर काम केलं, जे आधी वाईटात वाईट डोळ्यासमोर आणतात आणि मग त्याची तयारी करतात. हे लोक कामात आशावाद्यांच्या मागे पडत नव्हते, उलट "तुझं चांगलंच होणार" म्हणून त्यांना गप्प केलं की त्यांचं काम बिघडायचं! तुमच्याच लाइनचं घ्या, जुलैचा पाऊस लागलाय, हवेत नुसता दमटपणा, आणि सँड (साच्याची वाळू) ओली राहील या भीतीने तुम्ही पोरिंगच्या, म्हणजे धातू ओतायच्या आधी परत एकदा मॉइश्चर बघायला लावता, पोरं मनातल्या मनात वैतागतात, पण मोल्ड ओला राहिला तर धातू ओतल्यावर आत वाफ धरते आणि कास्टिंगला ब्लोहोल (आत पोकळ भोकं) पडून माल रिजेक्ट होतो हे तुम्हाला माहीत आहे. ही काळजी कंपनीच्या फायद्याची आहे, ती बायकोच्या किंवा मित्राच्या सांगण्यावरून सोडू नका.

काळजी करायची गोष्ट वेगळी आहे. मार्टिन सेलिगमन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की वाईट घडल्यावर माणूस त्याचं कारण काय देतो ते बघावं. एक लॉट रिजेक्ट झाला आणि तुम्ही घरी येऊन "आज सँड ओली होती" म्हणालात तर काहीच हरकत नाही. पण "हे असंच चालणार, सगळीकडे हेच, माझंच नशीब फुटकं" असं रोज व्हायला लागलं तर तो खरा निराशावाद, आणि तो चाळिशीतच काय पन्नाशीतही बदलता येतो, सेलिगमननी तर तो शिकून बदलायची गोष्ट म्हणूनच मांडलाय. वाक्य तोंडातून निघालं की स्वतःलाच विचारायचं, खरंच नेहमी? खरंच सगळीकडे? पण झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर वयाचं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

अजून एक, हे मी मुद्दाम सांगते. बरीच वर्षं पगार जागचा हललेला नसेल किंवा कॉन्ट्रॅक्टवर ठेवून झुलवत असतील तर ते दुखणं तुमच्या मनाचं नाही, आणि त्याला पॉझिटिव्ह विचार हे औषधही नाही. वडगाव-खासबागच्या पॉवरलूमवाल्याला सुताचा भाव वाढल्यावर "आनंदी राहा" म्हणणं जसं मला कधी जमलं नाही तसंच हे. मच्छेच्या कारखान्यांत किंवा दुसरीकडे चौकशी करा, मात्र कंपनी बदललीत तर पीएफ काढून घेऊ नका, ट्रान्सफर करा, जुनी सर्विस धरून दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन लागते.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, वय २४, बँकेची परीक्षा देतेय. मैत्रीण म्हणते रोज डोळे मिटून स्वतःला बँकेत बसलेली बघ, मग मिळतंच. खरं आहे का?
– एक वाचक

उत्तर : नाही गं. गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांचा अभ्यास छापला. जे नुसती गोड स्वप्नं रंगवत होते त्यांना दोन वर्षांनी नोकरीच्या ऑफर कमी आणि पगारही कमी, आणि ज्यांना आपल्याला जमेल असा हिशोबी विश्वास होता त्यांचं उलट. स्वप्न बघ, पण लगेच खाली लिही की आडवं काय येतंय. तुझं शिक्षण मराठी मीडियमचं असेल तर कर्नाटकातल्या क्लार्कच्या जागेला कन्नड यावं लागतं, बोलता येतं पण लिहिताना अडखळतेस का? मग "रात्री जेवण झालं की अर्धा तास कन्नड पेपर वाचून चार ओळी लिहायच्या" असं वेळेला बांधून ठरव आणि शेजारच्या कन्नड बाईंकडून तपासून घे.