वाचकांचे प्रश्न : नव्वद टक्के अचूकता, पण कशावर?

प्रश्न : एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सच्या प्रोजेक्टला डाळिंबाच्या तेल्या रोगाच्या जिवाणूतली इफेक्टर प्रथिनं (झाडाच्या पेशीत शिरून रोगाला मदत करणारी) संगणकाने ओळखणं हा विषय घेतलाय. चाळीसेक पेपर वाचून प्रत्येकावर परिच्छेद लिहिला, तरी सर म्हणतात हा लिटरेचर सर्व्हे (आधीच्या संशोधनाचा आढावा) नव्हे. काय बदलू? सर्वांत जास्त अचूकतेची पद्धत सर्वोत्तम म्हणू का? — विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : सरांचं म्हणणं रास्त आहे. परिच्छेद पेपरवार नको, मुद्देवार हवेत.

आधी शोध तपासा. जुन्या पेपरांत हा जिवाणू झँथोमोनास अ‍ॅक्सोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिसी आहे, नव्यांत झँथोमोनास सिट्री. पबमेडवर (संशोधन-पेपर शोधायच्या संकेतस्थळावर) दोन्ही नावं ‘ऑर’ने जोडून शोधा, शोधशब्द आणि तारीख लिहून ठेवा. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची प्रकाशनंही चाळा. प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) पुढे छापून आला असेल तर छापील पेपरच धरा, नाहीतर एकच काम दोनदा मोजलं जातं.

मग एक्सेलमध्ये पेपरमागे एक ओळ : पॉझिटिव्ह प्रथिनं (माहीत असलेले इफेक्टर) किती, निगेटिव्ह (इफेक्टर नसलेली म्हणून घेतलेली) कुठून आणली, टेस्ट सेट (टूल तपासायची प्रथिनं) ट्रेनिंगच्या (टूल शिकवायच्या) प्रथिनांहून वेगळा होता का, टूल आज चालतं का. निगेटिव्हचा रकाना टाळू नका. बहुतेकदा ती जिवाणूच्या उरलेल्या प्रथिनांतूनच उचलतात आणि त्यांत अजून न सापडलेले इफेक्टर असू शकतात. सारख्या सीक्वेन्सची (प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या क्रमांची) छाटणी किती टक्क्यांवर केली तेही नोंदवा. ही छाटणी करणारं सीडी-हिट हे टूल, सेटिंग न बदलल्यास, ९० टक्क्यांवर चालतं. तेवढ्यावर थांबलं तर ७० टक्के सारखी प्रथिनं ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हींकडे राहतात, आणि आकडा फुगतो.

अचूकतेचं म्हणाल, तर हिशेब करून पाहा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह समसमान घेतलेल्या टेस्ट सेटवर टूल दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर निघालं. तेच ५,००० प्रथिनांवर चालवलं, त्यांत खरे इफेक्टर १००. टूल ९० खरे पकडेल, पण उरलेल्या ४,९०० पैकी ४९० खोटेही उचलेल. हाती ५८० नावं, खरी ९०. म्हणून प्रिसिजन (उचललेल्यांत खरे किती), रिकॉल (खऱ्यांपैकी पकडले किती) आणि एमसीसी (बरोबर-चुकीचा दोन्ही बाजूंचा एकत्रित आकडा) नसलेल्या पेपराला सर्व्हेत वरचं स्थान देऊ नका. वेगवेगळ्या डेटासेटवरचे आकडे एका क्रमवारीत लावणं तर चूकच.

झॉपएनसारखा आधीच माहीत असलेला इफेक्टर टूलने ओळखला म्हणून हुरळू नका. दुसऱ्या झँथोमोनासमधलं त्याचं भावंड ट्रेनिंगमध्ये आधीच असण्याची शक्यता दाट आहे. ट्रेनिंगची यादी बहुतेकदा पेपरच्या सप्लिमेंटरी फाइलमध्ये मिळते. ती उतरवून घ्या आणि ब्लास्ट (सीक्वेन्स जुळवून पाहणारं टूल) लावून बघा.