त्या शांततेबद्दल

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पियानोच्या मैफलीचं परीक्षण मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे भरून आले, त्यामुळे नीट कळलंच नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. इतक्या लहान वयात जाणत्या समीक्षकाने एवढ्या बारकाईने ऐकणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ते कौतुक तू कमावलं आहेस. तेव्हा ‘छे, मी कुठे एवढं वाजवलं’ असं म्हणत फिरू नकोस. कुणी अभिनंदन केलं तर मनापासून आभार मान.

त्या परीक्षणानंतरच्या, परवाच्या कार्यक्रमाला मी आले होते, अगदी मागच्या रांगेत बसले होते. तुला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतं आहे.

तू वाजवलास तो शूबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा. सप्टेंबर १८२८ मध्ये त्याने तो पुरा केला आणि १९ नोव्हेंबरला तो गेला, एकतीस वर्षांचा. सुरुवातीची धून संथपणे आपलं पहिलं वाक्य संपवते, आणि मग खाली खर्जात, जी फ्लॅटवर, ती ट्रिल येते, दोन शेजारच्या सुरांची भरभर आलटापालट. अगदी हळू आवाजात, दूरवर ढग घुमावा तशी. त्यानंतर विराम, आणि विरामावर फर्माटा. म्हणजे किती थांबायचं हे शूबर्टने वाजवणाऱ्यावर सोडलं आहे. समीक्षकाने नेमकं त्याच शांततेबद्दल लिहिलं, की त्या क्षणी सभागृहाचा श्वास थांबला.

परवा तू तिथे जास्त थांबलीस. फार नाही, दोनेक सेकंद. पण पहिल्या मैफलीत तू त्या ट्रिलचा शेवट ऐकत होतीस. तो पुरता विरला आणि तुझे हात आपोआप पुढे निघाले. परवा आवाज केव्हाच विरला होता आणि तू लोकांचा कानोसा घेत होतीस. श्वास थांबला का, हे बघत होतीस. मला ते मागच्या रांगेत कळलं, तर पुढच्यांना कळलंच असेल.

ती शांतता त्या रात्रीची होती. सभागृह बदललं, पियानो बदलला, खर्जाच्या तारांचा घुमार किती टिकतो तेही बदललं. मग आदल्या वेळची शांतता बरोबर घेऊन जाता येईल कशी? शिवाय तीच ट्रिल पुढे, पहिल्या विभागाच्या पुनरावृत्तीकडे नेणाऱ्या नऊ मापांत, म्हणजे तालाच्या नऊ घरांत, एकदाच कडाडून येते, फोर्टिसिमो. ती मापं पुनरावृत्ती घेतली तरच ऐकू येतात. मोठमोठे वादक ती गाळतात. तू वाजवतेस, आणि मला तुझंच बरोबर वाटतं. त्या कडाडण्यानंतर धून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ट्रिल पुन्हा हळू होते, आणि आता त्याच विरामाची भीती वाटते. पण पहिल्याच वेळी तू त्यावर एवढा भार टाकलास, की दुसऱ्या वेळेसाठी काही उरलं नाही.

मला हे चटकन ओळखू येतं, कारण मी यातून गेले आहे. चोविसाव्या वर्षी माझ्या डाव्या हाताला कुणीतरी मखमली म्हटलं. पुढची दोन वर्षं मी ती मखमल जपली. बाखलाही तीच, प्रोकोफिएव्हलाही तीच. शेवटी माझ्या बाईंनी सहा महिने फक्त बार्टोक वाजवायला लावला, जिथे पियानो तालवाद्यासारखा वाजवावा लागतो. तेव्हा कुठे हात सुटला. टीका झाली असती तर मी दोन आठवड्यांत सावरले असते. स्तुतीतून बाहेर यायला अडीच वर्षं लागली.

संगीतकार शूमानने १८५३ साली आपल्या जुन्या नियतकालिकात वीस वर्षांच्या, नवख्या संगीतकार ब्रह्म्सची जाहीर स्तुती केली. ब्रह्म्सने आभार मानले, पण सोबत हेही लिहिलं की या स्तुतीमुळे लोकांच्या अपेक्षा इतक्या वाढतील, की त्यांना कसं पुरं पडावं हे मला कळत नाही. त्याने आपल्या बऱ्याच रचना नष्ट केल्या. पहिली सिंफनी लोकांनी ऐकली ती १८७६ मध्ये, तो त्रेचाळीस वर्षांचा असताना. अमेरिकन पियानोवादक व्हॅन क्लायबर्नला एवढी सवड मिळाली नाही. १९५८ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, त्याने मॉस्कोतली पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याची मिरवणूक निघाली. पुढे वर्षानुवर्षं लोकांना त्याच्याकडून तोच चायकोव्हस्की आणि तोच रख्मानिनोव्ह हवा होता. १९७८ मध्ये त्याने मैफली थांबवल्या आणि बरीच वर्षं तो मंचापासून दूर राहिला. त्याचं वाजवणं कमी होतं असं मला कधीच वाटलं नाही. म्हणूनच ती गोष्ट मला जास्त लागते. आणि इटालियन पियानोवादक पोलिनी बघ: १९६० मध्ये अठराव्या वर्षी वॉर्सातली शोपँ स्पर्धा जिंकला, आणि लगेच सगळीकडे वाजवत सुटण्याऐवजी काही काळ मागे सरून शिकत राहिला.

तुला मागे सरायला मी सांगत नाही. आलेली आमंत्रणं घे. पण प्रत्येक आयोजक आता शूबर्टच मागेल, तेव्हा पुढच्या वर्षातल्या निदान निम्म्या मैफलींत तो नसेल हे आत्ताच ठरव. तुझी कुणा थोर वादकाशी तुलना केली आहे, ते वाक्य सोडून दे; त्यातून तुझ्या हाताला काही मिळणार नाही.

त्याच परीक्षणात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात एक अर्धं वाक्य आहे. हायडनच्या सोनाटातला अडाजिओ, म्हणजे संथ भाग, घाईने उरकल्यासारखा वाटला, असं. कौतुक कळवायला तू फोन केलास तेव्हा हे सांगितलं नाहीस. मला ते सगळ्या लेखातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं, कारण ते खरं आहे. पहिला भाग ई फ्लॅट मेजरमध्ये संपतो आणि अडाजिओ ई मेजरमध्ये सुरू होतो, जेमतेम अर्ध्या सुराने वर. १७९४ मध्ये ऐकणाऱ्यांना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं असेल. तू मात्र पान उलटून पुढे निघून गेलीस. ते पहिलं वाक्य तुला स्वतःला नवल वाटेपर्यंत वाजवून बघ, पेडलशिवाय, एकेका हाताने.

गुरुवारी ये. हायडनची प्रत आण, शूबर्टची घरीच राहू दे. कात्रण मी कापून माझ्या कपाटात ठेवलं आहे, एका वर्षाने मागून घे.

तुझी,
बाई