किडनी बदलायची म्हणून मांजर सोडून द्यायचं का?

ताई, मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट ठरलंय आणि सासरची मंडळी ‘आधी मनीला सोडून या’ म्हणून मागे लागलीत, असं तुम्ही लिहिलंय. माझीही किडनी बदललेली आहे, प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस हे औषध चालू आहे आणि घरात बोका आहे. मनीला राहू द्या. तिची कामं तेवढी मिस्टरांकडून काढून घ्या.

सगळे घाबरतात ते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण 1 ते 3 आठवडे त्याचे कोश शीतून पडतात. पडल्या पडल्या त्यांच्यापासून धोका नसतो, लागण करण्याजोगे व्हायला त्यांना 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून ट्रेमधली घाण रोजच्या रोज काढायची, आणि ती दुसऱ्या कुणी. मनीला कच्चं मांस द्यायचं नाही, शिकारीला बाहेर सोडायचं नाही. हीच लागण माणसाला कच्चट राहिलेल्या मटणातून किंवा न धुतलेल्या भाजीतूनही होते, पण त्यापायी घरातलं मटण बंद करा म्हणून कुणी मागे लागत नाही! ऑपरेशनआधी टॉक्सोप्लाझ्माच्या अँटिबॉडीबद्दल डॉक्टरांना विचारा. तपासणी मिस्टरांची, मांजराची नव्हे. नंतर कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर ते मनाने बंद करू नका. मुख्यतः न्यूमोनिया टाळण्यासाठी असलं तरी टॉक्सोप्लाझ्मावरही ते उपयोगी पडतं.

पिसवांचं औषध वेटकडून नियमित लावून घ्या. बार्टोनेला हा जिवाणू मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो आणि ओरखड्यातून माणसात येतो.

रेबीजच्या बाबतीत मात्र अजिबात हयगय नको. मनीचं लसीकरण करून घ्याच. पण मिस्टरांना कुठल्याही कुत्र्या-मांजराने चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर इतरांना लस पुरते. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही द्यावं लागतं, कारण नुसत्या लशीवर पुरेशा अँटिबॉडी तयार होतीलच असं नाही. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला हे कळावं म्हणून ट्रान्सप्लांट झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.

खरं सांगू, मनीपेक्षा मला तुमच्या गॅलरीतली कबुतरं जास्त खटकतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून क्रिप्टोकोकसची बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. जाळी ऑपरेशनआधीच लावून घ्या. साफसफाई दुसऱ्याने करायची, आधी पाणी मारून. कोरडा झाडू नको.

आणि मनीला सोबत म्हणून पिल्लू आणायचा विचार वर्षभर तरी लांबवा. पिल्लं ओरखडतात फार, शिवाय त्यांना जुलाबही लवकर होतात.