आधी कोणती लस, आधी कोणाला?

लसीकरणाच्या सरकारी धोरणाबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलीला खासगी बालरोगतज्ज्ञांकडे कांजिण्यांची आणि गालगुंडाची लस दिली. खिसा चांगलाच हलका झाला. सरकारी दवाखान्यात या लसी का मिळत नाहीत? (गंगापूर रोड, नाशिक)

पैसा हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. सरकारी लसीकरण कार्यक्रमात कोणती लस घ्यायची याची शिफारस 2001 पासून राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट करतो. त्या आजाराने किती मुलं दगावतात किंवा अधू होतात, लशीचं संरक्षण किती वर्षं टिकतं, दरवर्षी लागतील तितके डोस अखंड मिळतील का, आणि ते ठेवायला शीतपेट्यांत जागा आहे का, हे सगळं तिथे तोललं जातं. जुलाब आणि न्यूमोनिया हे लहान मुलांचे मोठे मारेकरी. म्हणून 2016 मध्ये रोटाव्हायरसची आणि 2017 पासून न्यूमोकोकलची लस टप्प्याटप्प्याने आली.

कांजिण्यांचं गणित जरा उलटं आहे. निम्म्याच मुलांना लस दिली, तर विषाणूचा फिरण्याचा वेग मंदावतो, थांबत नाही. मग लस न घेतलेल्या मुलाला लहानपणी होणाऱ्या कांजिण्या विशी-पंचविशीत गाठतात, आणि त्या वयात त्या जास्त त्रास देतात. त्यामुळे 80 टक्क्यांच्या वर सातत्याने पोचण्याची खात्री नसेल, तर सुरुवातच करू नये असं मानलं जातं. रुबेलाला हाच धोका होता. तिथे तर गर्भातलं बाळ पणाला लागतं. म्हणून महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये आधी 9 महिने ते 15 वर्षांच्या सगळ्या मुलांना मोहिमेत एकदम लस दिली.

गालगुंडाबाबत मात्र तुमची तक्रार आम्हाला रास्त वाटते. गोवर-रुबेलाच्याच इंजेक्शनात ती लस बसते. वेगळी सुई नको, पेटीत वेगळी जागा नको. फरक पडतो तो किमतीत.

प्रश्न : आमच्या भागात 80 टक्के मुलांना गोवराची लस मिळाली होती असं ऐकलं. तरी 2022 मध्ये साथ का आली? (मालेगाव)

दुसऱ्या आजाराला 80 टक्के पुरले असते, गोवराला नाही. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या वस्तीत 12 ते 18 जणांना लागण देऊ शकतो. आता हिशेब करा. 1000 मुलांपैकी 800 जणांना एकच डोस मिळाला. नवव्या महिन्यातला डोस साधारण 85 टक्के मुलांतच लागू पडतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं काहींच्या अंगात अजून शिल्लक असतात. म्हणजे सुरक्षित झाली 680 आणि उघडी राहिली 320. एवढं कोरडं गवत साथीला पुरेसं आहे. म्हणूनच दोन्ही डोस 95 टक्के मुलांना, हे उद्दिष्ट.

मग पहिला डोस बाराव्या महिन्यात का देत नाहीत? तेव्हा तो जास्त लागू पडतो हे खरं, पण आपल्याकडे त्याआधीच बाळांना गोवर होतो आणि तान्ह्या बाळाचा गोवर जास्त जिवावर बेततो. म्हणून पहिला डोस 9 महिन्यांनंतर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत.

आणि जिल्ह्याच्या सरासरीवर भिस्त ठेवू नका. सरासरी 90 असली तरी एखाद्या मोहल्ल्यात 50 असू शकते आणि साथ तिथेच पेट घेते. आमच्या मते नवी लस आणण्याआधी पेंटाव्हॅलेंटचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लशीचा) पहिला डोससुद्धा न मिळालेली बाळं वस्तीनिहाय शोधण्यावर खर्च व्हायला हवा.

प्रश्न : पाड्यावर गोवराच्या लशीला कधी कधी एकच बाळ येतं. पाच बाळं जमेपर्यंत व्हायल (अनेक डोसांची कुपी) फोडायची नाही असं सांगतात. बरोबर आहे का? (आशा कार्यकर्ती, सुरगाणा तालुका)

नाही. एका बाळासाठीही व्हायल फोडायची. द्रावक मिसळल्यावर गोवर-रुबेलाची लस 4 तासांत वापरायची आणि उरलेली टाकून द्यायची; तीत जंतूनाशक नसतं आणि जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर येतं. ही नासाडी मागणीपत्रात आधीच धरलेली असते. महिन्याला 50 बाळं आणि प्रत्येकी 2 डोस, म्हणजे 100. नासाडी 25 टक्के धरली तर 1.33 ने गुणायचं : 133 डोस मागवायचे. उरलेले डोस वाचवण्याच्या नादात बाळ परत गेलं, तर पुढच्या सत्रापर्यंत ते कुटुंब दिंडोरीच्या द्राक्षबागेत किंवा वीटभट्टीवर पोचलेलं असतं. म्हणून दिवाळीआधीच ड्यू लिस्ट, म्हणजे डोस बाकी असलेल्या बाळांची यादी काढा, कोण कधी निघणार ते नावापुढे लिहा आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायला सांगा. कार्डावरचा डोस कुठल्याही सरकारी केंद्रात पुढे चालू होतो.

पेंटाव्हॅलेंटची गोष्ट वेगळी. उघडलेली व्हायल नीट थंड ठेवली असेल आणि उघडल्याची तारीख लिहिली असेल, तर 28 दिवस चालते.

प्रश्न : निफाडच्या थंडीत लस गोठून खराब होते का? (निफाड)

बाहेरच्या थंडीपेक्षा व्हॅक्सिन कॅरिअरमधला (लस नेण्याच्या पेटीतला) बर्फ जास्त घातक. डीप फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक तसेच भरले, तर पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लशी गोठतात आणि पुन्हा वितळल्या तरी निकामीच राहतात. आईसपॅक बाहेर काढून ठेवा. कानाजवळ हलवल्यावर आत पाण्याचा डुचमळल्यासारखा आवाज आला की मग भरा. व्हायलवरचा चौकोन उष्णतेने गडद होतो, पण गोठल्याचं तो काहीच सांगत नाही. त्यामुळे चौकोन फिका आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शंका आली तर ती व्हायल आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली त्याच बॅचची दुसरी व्हायल, दोन्ही हलवून शेजारी ठेवा. संशयित व्हायलमधला गाळ दुसरीइतक्याच वेगाने तळाशी बसला, तर ती वापरायची नाही.