'मॅडम, हे घरी कळवणार नाही ना?'

समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर मुलं समुपदेशनाला आली की बहुतेक वेळा स्वतःचं नाव सांगायच्या आधी हा प्रश्न विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. मुलगा १८ वर्षांचा झाला की त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट कुणाला सांगायची, कधी सांगायची, हे त्याने ठरवायचं. अपवाद एकच. जिवाला धोका दिसला तर मी मदत बोलावणार, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून टाकते. पण तेव्हाही 'मुलगा अस्वस्थ आहे, सोबत हवी' एवढं पुरतं. तो समलिंगी आहे हे सांगावं लागत नाही.

निखिल (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. रूममेटने त्याच्या मोबाइलवरचं चॅट वाचलं, फोटो काढला आणि मजल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून तो मेस बंद व्हायच्या बेतात जेवायला जायचा. गार भात आणि तळाशी उरलेली आमटी. 'चालतं मॅडम, तेव्हा कुणी नसतं,' म्हणाला.

रेक्टर सर माणूस वाईट नव्हते. 'वडिलांना बोलावून घेऊ. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझ्यावर येईल,' हे त्यांचं म्हणणं. ही धास्ती मी बऱ्याच वसतिगृहांत पाहिली आहे आणि ती खोटी नसते. पण घरी कळवल्याने मुलगा सुरक्षित होतो, हे गृहीत धरणं चूक आहे. कित्येक घरांत पहिल्यांदा शिक्षण बंद होतं, मग मांत्रिक नाहीतर 'बरं करणारा' डॉक्टर शोधला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले 'उपचार' करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तरी ते होतात.

मी सरांना म्हटलं, 'सर, चूक रूममेटची आहे आणि वडील आपण निखिलचे बोलावतोय.' यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. लैंगिक कलावरून एखाद्याला छळणं, वाळीत टाकणं हे तेव्हापासून रॅगिंगच आहे. नियमाचा कागद समोर ठेवल्यावर सर गप्प बसून वाचत राहिले. मग त्यांनीच विचारलं, 'निखिलची खोली बदलू का?'

हेही मुलालाच विचारायला हवं. त्याला खोली सोडायची नव्हती. सबमिशन तोंडावर होतं, अभ्यासाचा जोडीदार शेजारच्याच खोलीत होता, आणि आपण गेलो तर शिक्षा आपल्यालाच झाली असं सगळे समजतील, हे त्याला बरोबर कळत होतं. शेवटी रूममेटला हलवलं. लेखी तक्रार द्यायला निखिल आधी तयार नव्हता, म्हणून मी रेटलं नाही. फक्त ग्रुपवरचे मेसेज तारखेसकट जपून ठेवायला लावले. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर दिला, १८००-१८०-५५२२, आणि रात्री-अपरात्री फार घालमेल झाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६. तक्रार त्याने पुढे स्वतःहून दिली.

घरच्यांपासून लपवतोय म्हणून त्याला अपराधी वाटायचं. मी विचारलं, 'फी कोण भरतं?' वडील. 'उद्या घराचं दार तुला बंद झालं तर महिनाभर राहायला कुठे जाशील?' उत्तर नव्हतं. ज्याचं जेवणखाण आणि शिक्षण दुसऱ्याच्या हातात आहे, त्याने थांबणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे मी अशा प्रत्येक मुलाला स्पष्ट सांगते. आधी घरातलं एक माणूस शोधायचं, ज्याच्याकडून बातमी फुटणार नाही.

निखिलने मोठ्या बहिणीला सांगितलं. ती आधी रडली, काही दिवस बोललीच नाही. मग फोन करून म्हणाली, 'बाबांना मी असल्याशिवाय सांगू नकोस.' नोकरी लागल्यावर दोघं मिळून सांगणार आहेत.